माझ्या तोंडाचं गाऱ्हाणं

आमच्या घरात गोरी अशी एकच होती, आणि ती सकाळ-संध्याकाळ मिळून तीन शेर दूध देत असे.

बाकी आम्ही सगळे काळे. 'सावळे' हा शब्द आमच्याकडे फक्त सोयरिकीच्या पत्रात वापरत. आपा, म्हणजे माझे वडील, उघड्या अंगाने भाताच्या कुणग्यात उभे राहिले की दुरून नांगरलेली जमीनच उभी राहिल्यासारखी वाटे. आईही तशीच. आणि आपांची थोरली बहीण, आमची आते, तर आम्हा सगळ्यांची आघाडी सांभाळून होती. पण घरात रंगाची काळजी सर्वांत जास्त होती ती आतेलाच. स्वतःच्या नव्हे, माझ्या!

मी तेव्हा अठरा वर्षांची. मालवणकडच्या मसुऱ्यापासून पाऊण तासाच्या चालीवर खाडीकाठी आमचं गाव. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती, पण लग्नाच्या बाजारात काळ्या मुलीला ते अजून मिळायचं होतं. मला पाहायला तीन स्थळं येऊन गेली. तिघांनीही लाडू खाल्ले, पाणी प्यायलं, आणि आठ दिवसांनी पत्र टाकलं की पत्रिका जुळत नाही. (आम्ही पत्रिका दिलीच नव्हती!)

मग आपांनी डोकं चालवलं. "आदी फोटो धाडूया. माणसां मागसून बघूदेत."

आम्ही मालवणला गेलो. बाजारपेठेतल्या स्टुडिओत एका पडद्यावर संगमरवरी खांब आणि दोन हंस रंगवलेले होते. फोटोग्राफरने मला खांबाला टेकून उभं केलं (मी खरंच टेकले आणि हंसांसकट मागे गेले), परत उभं केलं, आणि माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मोठं गणित घातलं आहे.

"आपानू, काळजी करू नकात," तो म्हणाला. "फोटोच्या काचेर पेन्सिल फिरवतंय. नातेवायकांनी वळखता नये, असां करतंय!"

आणि केलं. पंधरा दिवसांनी फोटो घरी आला तेव्हा आतेने तो उजेडात धरून विचारलं, "ह्यां कोणाचां चेडू?"

"आपलां इंदू," आई म्हणाली.

"मगे आपल्या घरात जां आसा, तां कोणाचां?"

फोटोतली मुलगी चांदण्यात दुधाचा पेला धरावा तशी दिसत होती. नाक माझं होतं, साडी आईची होती, बाकी सगळं फोटोग्राफरचं! तो फोटो नांदगावला गेला. मुलगा मुंबईला गोदीत कारकून. महिन्याभरात उत्तर आलं: मुलगी पसंत आहे, चिरंजीव मे महिन्यात रजेवर येत आहेत, तेव्हा रीतसर पाहून पुढचं ठरवू. सोबत चिरंजीवांचा फोटो.

तो फोटो मी तांदळाच्या डब्यात लपवला आणि दिवसातून चार वेळा तांदूळ निवडायला बसू लागले. काय केस होते हो त्या माणसाला! कपाळावर समुद्राची लाट यावी आणि फुटायच्या आत फोटो काढावा, तसे. मला दुसरं काही दिसलंच नाही. मी मनाने नांदगावला जाऊन संसारही मांडला, आणि रविवारी त्या केसांना माक्याचं तेलही लावलं.

आता अडचण एकच उरली होती, आणि ती म्हणजे मी. फोटो पसंत पडला होता. मुलगी अजून दाखवायची होती. आणि हाताशी तीन आठवडे होते.

त्याच सुमाराला आमच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शाळेत मुलींची सभा बोलावली. नर्सबाई घाटावरच्या, साताऱ्याकडच्या. पांढरी साडी, काळी छत्री, चामड्याची पिशवी. एक वाडीही त्यांनी पायी पालथी घालायची ठेवली नव्हती. मुंबईहून येणाऱ्या ट्रंकांतून गोरं करणाऱ्या मलमांच्या डब्या गावात पसरत चालल्या होत्या आणि दोन मुली तोंड सोलून त्यांच्याकडे आल्या होत्या. बाईंनी फळ्यावर खडूने एक डबी काढली आणि तिच्यावर इतक्या जोरात फुली मारली की खडूच मोडला.

"मुलींनो, या मलमात पारा असतो," बाई म्हणाल्या. "पहिले चार दिवस तोंड उजळल्यासारखं वाटतं, कारण वरची कातडी मरत असते. मग डाग पडतात. आणि तो पारा कातडीतून आत जातो तो थेट मूत्रपिंडांना धरतो. पायाला सूज, तोंडाला सूज, आणि पुढे काय होतं ते मी लग्नाळू मुलींना सांगत नाही. काळं असणं हा आजार नव्हे. त्याला औषध लागत नाही!"

मागे आयाबायांत बसलेली आते उठली. "बाईनू, तुमी गोऱ्यो आसास म्हणान ह्यां बोलूक बरां!"

"आते, मी गोरी नाही," बाई म्हणाल्या. "मला फाल्गुनात कावीळ झाली होती."

शेवटी शपथ घ्यायची ठरली. सर्वांत खणखणीत आवाज कोणाचा? माझा! भजनाला मी वरचा सूर लावला की खाडीपलीकडची कुत्री उत्तर देत. बाईंनी मला पुढे बोलावलं. मी उजवा हात सरळ पुढे केला, मान ताठ केली आणि शाळेचं छप्पर हलेल अशा आवाजात सांगितलं, "आम्ही! कोणतंही मलम! तोंडाला! लावणार नाही!" चाळीस मुली माझ्यामागून म्हणाल्या. बाईंचे डोळे पाणावले. माझेही पाणावले. मी फार मन लावून बोलले होते.

घरी आले तर मामा मुंबईहून आलेला, आणि आतेच्या मांडीवर निळी डबी.

तुम्हाला वाटेल, मी थोडी तरी झगडले असेन. विवेकाने हाक मारली असेल, शपथ डोळ्यांपुढे उभी राहिली असेल. मी खोटं सांगणार नाही. मी फक्त हात बदलला. शपथ उजव्या हाताने घेतली होती. मलम डाव्याने लावलं.

डबीवर एक मडम डोळे मिटून दोन्ही हात गालांवर ठेवून बसली होती. आत कागदावर सूचना होत्या, पण इंग्रजीत. गावात इंग्रजी येई ते फक्त पोस्टमास्तरांना, आणि त्यांना एक गोष्ट विचारणं म्हणजे टपाल वाटायच्या वाटेवरच्या तीन गावांना सांगणं. तेव्हा आतेने चित्रावरूनच अर्थ काढला.

"मडमेचे डोळे मिटलेले आसत, बघितलंस? म्हणजे डोळे मिटून लावूचां. किती लावलां तां बघूचां नाय!"

आम्ही बघितलं नाही.

चौथ्या दिवशी आई म्हणाली, "वायच उजळलां गो!" मी कळशीतल्या पाण्यात पाहिलं. खरंच! कळशी पितळेची होती आणि तिच्यात आमची म्हैसही उजळ दिसत असे, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. आतेने लगेच माप वाढवलं. सकाळी एकदा होतं ते सकाळ-दुपार झालं. "वाल शिजूक लागलो की जाळ वाढवचो," ती म्हणाली. म्हणजे मी आता वाल झाले होते.

आणि मेचा महिना! अंगणात आमसुलं वाळत घातलेली. ती उलटीपालटी करायचं काम माझं. मलम लावलेलं तोंड घेऊन मी तीन दिवस भर उन्हात कोकमांवर ओणवी बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तोंड असं पेटलं, की कोणी त्यावर घावन घातलं असतं तर सुटून आलं असतं! दुसऱ्या दिवशी सालटं निघायला लागली. फणसाची आठळी उकडली की तिचं तपकिरी साल कुठे सुटतं, कुठे चिकटून राहतं, तसं माझं तोंड. कपाळ जुनं, नाक नवं, एक गाल कोकमासारखा लाल. डाव्या गालावर तर शाळेतल्या नकाशातला सिलोन, बंदरांसकट!

आईने मला पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. आते म्हणाली, "आतसून गोरां येताहा!"

"आतसून रगत येताहा!" आई ओरडली, आणि मला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

नर्सबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"शपथ कोणी सांगितली होती?"

"मी."

"मोठ्याने?"

"हो."

"डबी आण."

आईने ती कमरेला खोचून आणली होती. बाईंनी डबी घेतली, पिशवीत टाकली आणि पिशवीचा पट्टा आवळला. मग त्या माझ्यापुढे जमिनीवर बसल्या, माझं पाऊल मांडीवर घेतलं आणि घोट्याशी अंगठा दाबून पाहिला. अंगठा उचलल्यावर तिथे खळगा राहिला. लहानसाच, पण राहिला. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी मला एका बाटलीत लघवी आणायला सांगितली, ती काचेच्या नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. आई आणि मी त्या नळीकडे पाहत होतो. वर थोडं पांढुरकं आलं.

"मूत्रपिंडांना धरलंय. अजून थोडक्यात आहे," बाई म्हणाल्या. "पण आहे. आणखी एक डबी लावली असतीस तर तुला नवरा बघायच्या ऐवजी खांदेकरी बघावे लागले असते."

मी तेव्हा पहिल्यांदा घाबरले. खरी घाबरले. बाईंनी तोंडाला लावायला गुलाबी-पांढरं औषध दिलं, मीठ बंद केलं, उन्हात जाणं बंद केलं, आणि दर आठवड्याला बाटली घेऊन यायला सांगितलं. ते औषध चोपडून घरी आले तर आते बघतच राहिली. इतकी गोरी मी फोटोतही नव्हते! दशावतारातला राणीचं काम करणारा बाप्या उजेडी उठून आपल्या घरी निघावा, तशी दिसत होते.

आणि पाहुणे चार दिवसांवर!

आपांनी पत्र टाकायचं म्हटलं, पण पत्र पोचायच्या आधी माणसं पोचली असती. माणूस धाडून "मुलगी आजारी आहे" कळवावं, तर आजारी मुलगी कोण करतो? खरं कळवावं, तर फोटोचंही कळवावं लागलं असतं! आपा दोन दिवस ओटीवर नुसते फेऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी थांबले.

"देवाक गाऱ्हाणां घालूया," ते म्हणाले.

आता, आमच्याकडे गाऱ्हाणं ही गंमत नव्हे. नांगर धरायचा, होडी लोटायची, मूल होत नाही, म्हैस हरवली, सगळ्याला आधी रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं. गुरव देवापुढे उभा राहून खड्या आवाजात सगळी हकिकत सांगतो, आणि देवळात जो कोणी असेल तो प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणतो. कोणाचंही गाऱ्हाणं असो, ऐकणाऱ्याने साथ द्यायचीच. आमच्या भागात पाळण्यातलं पोरही रडता रडता थांबून "व्हय म्हाराजा" म्हणेल.

आमचे भिकू गुरव म्हणजे आवाजाची तोफ. आपांनी आदल्या दिवशीच त्यांना बाजूला घेतलं. "भिकू, वायच मोगम सांग हां. 'घरात अडचण आसा' इतक्यां बस झालां."

भिकू गुरवांनी आपांकडे दयेने पाहिलं. "आपानू, देवाक अर्धां सांगलंव तर देव अर्धांच काम करतलो. गालाचां करीत आणि नाक रवान जायत. चलात तुमका?"

आपांना चाललं नाही.

पाहुणे दुपारच्या गाडीने येणार होते, म्हणून गाऱ्हाणं सकाळीच ठेवलं. ज्याचं दुखणं त्याने देवापुढे उभं राहायचं, म्हणून मीही गेले. तोंडावर औषधाचा लेप, त्यावर पदर हनुवटीपर्यंत. मला स्वतःचे पाय दिसत होते, आणि पदराच्या फटीतून अधूनमधून थोडं जग. आई, आपा, आते, वाडीतल्या चारपाच बायका. आणि दाराशी तिघं परकी: छत्री काखेत मारलेले एक म्हातारे, त्यांची बायको, आणि काळी टोपी घातलेला एक तरणा माणूस. वाटसरू असतील, सावलीला आणि देवाला टेकले असतील. आमच्याकडे वाटेवरचं देऊळ ओलांडून पुढे कोणी जात नाही.

भिकू गुरवांनी घसा साफ केला. वटवाघळं उडाली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्यां तुझां लेकरू आज तुझ्या पायरेर उभां आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येना आपल्या चेडवाचो फोटो काढलो, तो चेडवापेक्षा गोरो इलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" परक्या तिघांनीही मनापासून साथ दिली. त्या म्हाताऱ्यांचा आवाज तर सुरेख होता.

"मगे चेडवाक फोटोसारख्यां करूक मुंबयचां मलम लावल्यानी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नर्सबायसमोर शपथ घेवन लावल्यानी रे म्हाराजा!"

(हे त्यांना कोणी सांगितलं? पदराच्या फटीतून मी आतेकडे पाहिलं. आते देवाकडे पाहत होती.)

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या तोंडाची सालां निघाली, तोंड उकडलेल्या आठळेसारख्यां झालां रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि या खेपेला सर्वांत मोठा आवाज माझा होता. काय करणार? सवय! भजनाचा गळा, गुरवाने हाक दिली की आपोआप उघडतो.

भिकू गुरव आता रंगात आले होते. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"आज दुपारच्या गाडयेन नांदगावची पावणी चेडवाक बघूक येतली! तेंच्या डोळ्यार पडदो घाल! तेंका ह्यातलां कायएक कळा नको, असां कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

आमचा "व्हय म्हाराजा" पुरा झाला. दाराकडून आला तो फक्त "व्हय". "म्हाराजा" तीन घशांत अडकला.

आपा हळूहळू मागे वळले.

"खंयचे म्हणायचे तुमी?"

म्हाताऱ्यांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. "नांदगावचे."

"दुपारच्या गाडयेन..."

"सकाळची गावली," ते फार अपराधी आवाजात म्हणाले.

आपा मटकन पायरीवर बसले. आईने तोंडात पदर कोंबला. आते खांबाआड गेली (खांब अरुंद होता). आणि मी? मी तिथेच उभी. पदर आणखी खाली ओढला, त्याच्याआडून मला आता फक्त माझे पाय दिसत होते. चौथं स्थळ गेलं. पत्रिकेचा बहाणाही न करता गेलं. तांदळाच्या डब्यातले ते केस, ती लाट, सगळं गेलं, आणि भरीला आपांची मान गेली. त्यांनी आयुष्यात कोणाला फसवलं नव्हतं, आणि फसवायला गेले तेही देवाला साक्षी ठेवून, ज्यांना फसवायचं त्यांच्याच तोंडून "व्हय" म्हणवून!

तेवढ्यात ती बाई, मुलाची आई, पुढे आली. ठेंगणी, काळीभोर, कपाळभर कुंकू. तिने भिकू गुरवांना हाताने थांबवलं.

"गुरवानू, नारळ फोडू नकात. आमचांय एक गाऱ्हाणां आसा."

"आये!" टोपीवाला कळवळला.

"गप रव रे! तेंनी देवासमोर सगळां सांगलां. आपण तोंड शिवन बसलंव तर बरां दिसात?" मग ती भिकू गुरवांच्या कानाशी लागली आणि बराच वेळ कुजबुजली. गुरवांच्या भुवया वर वर चढत गेल्या.

"बा देवा म्हाराजा! ह्यां नांदगावचां लेकरू तुझ्या दारात इलाहा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. अब्रू गेली म्हणून रीत सोडता येत नाही.

"ह्येंच्या चेड्याचो फोटो मुंबयक काढलो, तेच्यात केस जास्ती इले रे म्हाराजा!"

"व्हय..." माझा आवाज चिरकला.

"मुंबयच्या फोटोग्राफरान ते पेन्सिलीन काढले रे म्हाराजा! खऱ्या माथ्यार केस कमी आसत रे म्हाराजा!" आणि गुरव थांबले. देवाला अर्धवट सांगायचं नाही, हा त्यांचा नेम. "किती कमी?" त्यांनी हळूच विचारलं.

"टोपी काढ रे," मुलाची आई म्हणाली.

टोपी निघाली.

चाळीस वर्षं गाऱ्हाणी घातलेल्या भिकू गुरवांना आयुष्यात प्रथमच शब्द सापडेना. समईचा जाळ त्या डोक्यावर पडला आणि गाभारा उजळला. शेवटी ते एवढंच म्हणू शकले:

"...बरेच कमी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आते खांबाआडून गरजली. तिचा जीव परत आला होता.

आता कोणती मुलगी अशा वेळी पदर धरून बसेल? मी तो वर केला. मला त्याचं डोकं दिसलं आणि त्याला माझं तोंड दिसलं. मी घासलेल्या तांब्याकडे पाहत होते, तो अर्धवट सोललेल्या आणि चुना फासलेल्या आठळीकडे. त्याने ओठ दाबून धरले. मीही धरले. मग त्याच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला आणि मला जे हसू फुटलं, ते आवरेचना. सोललेल्या गालांना हसताना काय झोंबतं म्हणून सांगू! मी हसत होते आणि "आई गं, आई गं" करत होते, आणि ते पाहून तो आणखी हसत होता.

भिकू गुरवांनी दोन्ही गाऱ्हाण्यांना मिळून एकच नारळ फोडला.

घरी आल्यावर सगळं उलटं झालं होतं. पाहायला काही उरलं नव्हतं, म्हणून आधी जेवणं झाली. कोळंबीची आमटी, घावन, सोलकढी. मला बिनमिठाची पेज. जेवण झाल्यावर मुलाच्या आईने मला जवळ बोलावलं आणि माझे गाल न दुखवता हनुवटीला हात लावला.

"चेडवा, मी तुझ्यापेक्षा काळी. माका कोणी मलम दिल्यान नाय म्हणान वाचलंय. परत लावशीत?"

"नाय."

"शपथ?"

"शपथ नको," मी म्हणाले. "माझे शपथेची काय किंमत आसा ती नर्सबायक इचारा."

लग्न ठरलं, पण तारीख ठरली नाही. मुलाने स्वतः दवाखान्यात जाऊन नर्सबाईंना विचारलं आणि येऊन सांगितलं: नळीत पांढरं येणं थांबल्याशिवाय घाई करायची नाही. त्या माणसाचे केस माझ्या मनातून उतरले ते त्या दिवशी. बाकीचा सगळा माणूस तिथे येऊन बसला.

नळी स्वच्छ यायला भाद्रपद उजाडला. तोपर्यंत नर्सबाईंनी मला फुकट सोडलं नाही. रोगांच्या चित्रांचे तक्ते त्यांनी दवाखान्यातच ठेवले आणि वाडीवाडीला मला घेऊन फिरल्या, तेही त्यांच्याच छत्रीखाली, कारण मला ऊन वर्ज्य! "ही बघा," म्हणून मला पुढे उभं करत आणि छडीने माझ्या तोंडावरचे भाग दाखवत: "हे कपाळ मूळचं. हे नाक मलमाचं. आणि हा सिलोन." मग मी शपथ सांगे. बाया आपणहून डब्या आणून देत. एकीने तर घरात तसलं मलम नाही म्हणून नवऱ्याच्या खरजेचं आणून दिलं! शिवाय आतेही आमच्याबरोबर येई आणि शेवटी उभी राहून सांगे, "मी पयल्यापासून हिका सांगी होतंय!"

मार्गशीर्षात लग्न झालं. लग्नाचा फोटो काढताना फोटोग्राफरने पेन्सिल हातात घेतली, तेव्हा माझ्या सासूबाईंनी ती काढून आपल्या अंबाड्यात खोवली.

आज आमच्या घरात समोरच्या भिंतीवर ते दोन जुने फोटो शेजारी शेजारी टांगलेले आहेत: माझा दुधासारखा, त्यांचा लाटेसारखा. कोणी नवा माणूस आला आणि माझ्या फोटोकडे बोट करून "ह्यां कोण?" म्हणून विचारू लागला, की हे गंभीर तोंड करून सांगतात, "ती आमची पयली बायल. मलमान गेली."

परवा माझ्या लेकीच्या पर्समध्ये मला एक नळी सापडली. आता डब्या गेल्या, नळ्या आल्या. मडम तीच, डोळे मिटलेली. मी लेकीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं: पारा, घोट्यावरचा खळगा, स्पिरिटचा दिवा, सगळं. आवाज तोच खणखणीत. "काळं असणं हा आजार नव्हे!" मी हात पुढे करून म्हणाले. तिने मुकाट्याने नळी माझ्या हातात ठेवली. मग भिंतीकडे पाहिलं.

"पटलं गं आई," ती म्हणाली. "पण मग इतकी वर्षं तो खोटा फोटो तू भिंतीवर का लावून ठेवलायस?"

"म्हणजे काय?" मी म्हणाले. "आयुष्यात माझा तेवढा एकच फोटो चांगला आलाय!"